वहिनीचे डोळे आले, असं आम्ही म्हणत राहिलो

शकूवहिनी गेल्याचं मला चांदवडला, मी शिकवतो त्या शाळेत कळलं. दादाने शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप ठेवला होता. पंधरवड्यापूर्वीच मी तिला नाशिकला भेटून आलो होतो. माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली होती, "भाऊजी, लय वाळलात. जाऊबाई जेवायला घालत नाय का?" चेष्टा केल्याशिवाय तिचं बोलणं सुरूच व्हायचं नाही.

लग्न होऊन आली तेव्हा तिला सहीही येत नव्हती. अक्षरओळख मी करून दिली. मग तिने असा धडाका लावला, की वाण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय चुलीत जाईना.

आणीबाणी उठली त्या पावसाळ्यात तिला थंडी वाजून ताप भरला. कंबर धरली, पाठोपाठ उजवा डोळा लाल झाला. गावात डोळ्यांची साथच होती. "डोळे आलेत," आम्ही म्हणालो आणि गुलाबपाणी आणलं. मग मी तिला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी थेंब दिले. लघवीला आग होत होती, ते मात्र तिने गल्लीतल्या सुईणीच्या कानात सांगितलं. आमच्याकडची रीतच ती! पुरुष डॉक्टरसमोर, त्यातून दीर सोबत असताना, कुठली बाई तोंड उघडणार? 'उन्हाळी लागली' म्हणून सुईणीने धण्याचं पाणी दिलं. इकडे डोळ्यात पू दिसू लागला, मग दुसऱ्यातही...

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा पुरुषांना बाहेर काढलं, तेव्हा कुठे ती बोलली. "मूळ दुखणं मूत्रपिंडात आहे. तिथला जंतू रक्तातून डोळ्यांत गेलाय," बाईंनी दादाला सांगितलं. इंजेक्शनांनी ताप उतरला, जीव वाचला. डोळे गेले.

"थोडं तरी दिसंल ना, बाई? अक्षराएवढं?" वहिनीने विचारलं. बाईंनी नुसता तिचा हात धरला. दादा रडत होता. मी भिंतीकडे बघत उभा होतो. इतका हतबल मी आयुष्यात कधी झालो नाही.

पुढे कित्येक वर्षांनी त्याच मूत्रपिंडांनी तिला नेलं.

डोळे गेल्यावरही दिवेलागणीला बटण तीच दाबायची. पाखरांचा गलका थांबला की चाचपडत उठायची. "अंधारात का बसले रे सगळे? मला नाय दिसत, तुम्हाला तरी दिसू द्या!" ती गेल्यावर, परवा मी आणि दादा बोलत बसलो होतो. बाहेर अंधारून आलं, दादाचा चेहरा दिसेनासा झाला. बटण दाबायला कुणी उठलं नाही... आम्ही तसेच बसून राहिलो.