माक्याचा वास

विग दुसऱ्यांदा घसरला तेव्हा डायरेक्टर माझ्याकडे बघत होता, नटाकडे नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका शेडमध्ये टीव्हीच्या विनोदी मालिकेचं शूटिंग चालू होतं. मी विगवाला. मालिकेच्या त्या भागात एक टकला बाप मुलासाठी मुलगी बघायला जातो. तरुण दिसायच्या हौसेने विग घालतो, आणि मुलीकडचे त्यालाच नवरामुलगा समजतात. शेवटी पंख्याच्या वाऱ्याने विग उडतो. उडायचा शेवटी. आमचा पोह्यांच्या सीनमध्येच भुवयांवर येऊन बसला.

"असाच पाहिजे, पण आत्ता नको ना रे," डायरेक्टर म्हणाला.

प्रोड्यूसर गुप्तेसाहेब हसले नाहीत. "तुझा गम भेसळीचा आहे. उद्या घसरला तर परवापासून दादरचा विगवाला येईल. तू यायचं नाही."

विगच्या पुढच्या कडेला बारीक जाळी असते. ती स्पिरिट गमने कपाळाला चिकटवतात. गम सुकला की विग ओढून निघत नाही, स्पिरिटच लावावं लागतं. त्याआधी माझा विग कधी घसरला नव्हता.

पहिला संशय मेकअपवाल्यावर. तो दादरच्या त्या माणसाचा मेव्हणा. बाटलीत काही ओतलं असणार. मी तोच गम मनगटाला लावला, वर जाळीचा तुकडा दाबला, सुकू दिला आणि ओढला. केस उपटले, डोळ्यांत पाणी आलं. गम चोख होता.

मग घाम? लाइटखाली सगळेच घामाघूम. दुसऱ्या एका नटाची खोटी मिशी सकाळपासून जागची हलली नव्हती.

राहिला विग. आणि आदल्या दिवशी विग होता माझ्या घरी.

हे सांगायलाच हवं. विगच्या जाळीत एकेक केस आकड्याने ओवून गाठ मारावी लागते. ते काम माझी बायको शेवंती करायची, घाटकोपरच्या आमच्या खोलीत खिडकीशी बसून. नाव माझं, गाठी तिच्या. तिचं डोकं कायम तेलाने चप्प. तेलावर गम धरत नाही.

संध्याकाळी घरी गेलो, विग तिच्यापुढे टाकला. "तेलाचे हात लावलेस ना? माझी भाकरी घालवलीस."

ती भांडली नाही. विग उलटा केला, जाळी नाकाशी नेली.

"मी खोबऱ्याचां लावतंय. ह्यां माक्याचां तेल. वास घेवन बघा."

"कुणाला शिकवतेस?"

"माझो बापूस लावी टकलावर. केस येतले म्हणान."

मी वास घेतला. कडवट, पाल्यासारखा. आमच्या घरात माका नव्हता.

दुसऱ्या दिवशी मेकअपरूममध्ये नट खुर्चीत बसले. त्यांचं नाव सांगणार नाही, मोठे नट होते. मी गमच्या आधी कापसावर स्पिरिट घेतलं आणि टक्कल पुसलं. कापूस हिरवट काळा झाला. तो मी त्यांच्यापुढे धरला.

"दार लाव," ते म्हणाले.

लावलं.

"चेंबूरला एक वैद्य आहे. रोज सकाळी चोळायला सांगितलंय. हे बघ, इथे लव आलीय ना?"

मी बघितलं. काही नव्हतं. "थोडी दिसते, साहेब."

"दिसते ना! कुणाला बोलू नकोस."

"शूटिंगच्या दिवशी नका लावू, साहेब."

"बरं. पण कुणाला म्हणजे कुणालाच नाही."

तीनदा स्पिरिटने पुसून विग बसवला. पोह्यांचा सीन झाला, मुलीच्या मावशीचा झाला, विग हलला नाही. शेवटच्या सीनला मी मुद्दाम गम लावला नाही. पंखा फिरला, विग उडाला आणि चिवड्याच्या ताटात पडला. एका टेकमध्ये ओके.

गुप्तेसाहेबांनी विचारलं, "काय होतं रे?"

"गम जुना होता. चूक माझी."

"मी म्हणालोच होतो." काम राहिलं. दादरचा माणूस आला नाही.

घरी शेवंतीने विचारलं, "कोणाचां तेल होतां?"

"कुणाचं नाही. झालं काम."

तिने पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून मात्र विगला हात लावण्याआधी ती साबणाने हात धुवायची. दोनदा. बोटांना भेगा पडल्या तरी धुवायची. मी समोर बसून बघायचो. "राहू दे गं, तुझं नव्हतंच ते" एवढं बोलायला किती वेळ लागतो? नाही बोललो.

तो भाग शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितला. विग उडाला तेव्हा सगळी चाळ हसली. शेवंती म्हणाली, "भांग सरळ बसलो हा."

तिला जाऊन दीड वर्ष झालं. नटसाहेब त्याच्या आधीच गेले, टकलेच गेले. म्हणून आज लिहितोय. धंद्यात नवीन असतील त्यांना एकच सांगतो. आधी गिऱ्हाइकाचं टक्कल पुसून बघा. मग घरी जाऊन कुणावर ओरडायचं ते ओरडा.