दोन सीटच्या गाडीला जीपचा आरसा

वडिलांनी धम्म स्वीकारला त्या दिवशी आमच्या घरातून देव्हारा गेला आणि त्याच्या मागोमाग भुतंही गेली. त्यामुळे असल्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. हे वाचून कुणी हसलं, तरी माझी तक्रार नाही...

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. माझा थोरला भाऊ, अण्णा, भालकीत एका डॉक्टरांचा ड्रायव्हर होता. त्याने शाळा सोडली म्हणून मी बी.ए. झालो. डॉक्टरांनी हैदराबादहून जुनी स्पोर्ट्स कार आणली होती — लाल, दोनच सीटची. सीटमागे फक्त स्टेपनी. अण्णा आधी कमलनगरकडे सवारीची जीप चालवायचा. आरशात बघून मागची माणसं मोजायची त्याची सवय. या गाडीतला बोटभर आरसा त्याला सोसेना. त्याने भंगारातल्या जीपचा रुंद आरसा आणून बसवून घेतला.

मिस्त्री हसला, "दोन माणसाच्या गाडीला धा माणसाचा आरसा! मागं कुणाला बसवायलास, अण्णा?"

"तुझ्या सासूला."

दुसऱ्याच दिवशी गुलबर्ग्याच्या एका शाळेत माझी मास्तरकीची मुलाखत होती. घरातली पहिली शिक्षणावरची नोकरी... मिळाली तर. डॉक्टरांचे काही कागदही अण्णाला तिकडेच पोचवायचे होते, म्हणून त्याने मला सोबत घेतलं. हुमनाबादच्या अलीकडे, लख्ख उन्हात, त्याने सवयीने आरशात पाहिलं.

"मागं कामून बसलास रे? पुढं ये की."

"अण्णा, मी इथंच हाय. तुझ्या बाजूला."

त्याने करकचून ब्रेक दाबला. मी वाकून आरशात पाहिलं... आमच्या मागे मीच बसलो होतो. तोच पांढरा सदरा, तोच भांग. मी वाकलेलो, तो ताठ. अण्णाच्या मानेकडे टक लावून.

मागे वळलो — स्टेपनी.

"उतर," अण्णा म्हणाला. "तू बसनं जा."

"तू पण उतर की!"

"गाडी डॉक्टरसायबाची हाय. रस्त्यात सोडून कसं येऊ? मुलाखत चुकंल, जा!"

बसने पोचलो, तर लाल गाडी शाळेच्या फाटकाशी उभी. अण्णा डावीकडच्या सीटवर, घामाने चिंब.

"चावी कुठाय, अण्णा?"

"तूच नेलास की आत... गाडी तूच आणलास."

मला सायकलशिवाय काहीच चालवता येत नाही.

आत गेलो. शिपायाने चावी पुढे केली. "साब, ये भूल गए थे. तुम्हारा इंटरव्ह्यू बहोत अच्छा हुआ बोलरे अंदर."

नोकरी लागली. आरसा आम्ही तिथेच उतरवला. मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, ती जीप म्हातारी होऊन भंगारात आली होती. अपघात नाही, काही नाही.

त्या नोकरीवर आमचं घर उभं राहिलं. मला हात देणाऱ्या प्रत्येकाचे आभार मी मानत आलोय. पण ती मुलाखत मी दिलेली नाही. कुणी दिली, आजही ठाऊक नाही.

सुट्टीत घरी गेलो की अण्णा दारातच थांबवतो. "तूच हायस ना?"

"व्हय, अण्णा."

मग तो माझ्या खांद्यावरून मागे बघतो. जुन्या सवयीने, ओठ हलवत मोजतो.

किती झाले, ते मी विचारत नाही.