जिवाणूंना लागलेलं ऊन

डिसेंबरातल्या त्या दुपारी नळीच्या तळाशी काहीच दिसलं नाही, तेव्हा आधी मला राग आला आणि मग नुसताच थकवा. पीएचडीच्या सहाव्या वर्षी रागसुद्धा फार टिकत नाही.

जिवाणू वाढता वाढता आपल्या अंगावरच्या पापुद्र्याचे अतिसूक्ष्म फुगे बाहेर सोडतात. आम्ही त्यांना पुटिका म्हणतो. वाढीच्या भरात असताना थोड्या, आणि अन्न संपून गर्दी झाली की भरपूर. आतला मालही वयाप्रमाणे बदलतो. निदान पुस्तकं तरी असं सांगतात. मे महिन्यातल्या माझ्या प्रयोगात मात्र कोवळे जिवाणूही म्हाताऱ्यांइतक्याच पुटिका सोडत होते; नळी यंत्रात गरगर फिरवली की तळाशी त्यांचा फिकट डाग बसायचा. माझे मार्गदर्शक सर निवृत्तीला टेकलेले, पण हे पाहून पोरासारखे हरखले. ‘यावरच तुझा प्रबंध उभा राहील,’ म्हणाले. थंडीत एकदा पुन्हा करून खात्री करायची, की झालं.

त्या ‘झालं’वर माझ्यापेक्षा आईचा जीव टांगलेला. ती उमरेड गावची, सगळा जन्म हातमागावर गेला. ‘एवढा उन्हाळा तुले रांधून घालतो’ म्हणत शहरात नंदनवन वस्तीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत आली आणि दोन वर्षं अडकली. इथं तिच्याशी बोलायला कुणी नाही. आता तर गावी परतायला तिनं पिशवीही भरून ठेवली होती. रोज संध्याकाळी दारातच विचारायची, “झालं काय वं तुहं?”

आणि इकडे नळी रिकामी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझ्याच हाताला काय झालंय म्हणून चरफडत बसले होते, तेव्हा खिडकीतल्या कूलरकडे लक्ष गेलं. उन्हाळ्यात आम्ही तो मुद्दाम बंद ठेवतो. त्याच्या ओलीनं बुरशी धरते आणि सगळे नमुने वाया जातात. पण जिवाणू वाढवायची आमची जुनी पेटी फक्त तापवू शकते, गार करू शकत नाही. मे महिन्यात बाहेरची खोलीच तिच्याहून गरम, तर ती बिचारी काय करणार? वर तापमानाचा आकडा मात्र आपण लावलेलाच दाखवते. खात्रीसाठी मी पेटी थोडी जास्त तापवून तोच प्रयोग केला. नळीच्या तळाशी तो फिकट डाग हजर. म्हणजे माझे कोवळे जिवाणू उन्हाळाभर भाजत होते आणि त्या जाचापायी पुटिका सोडत होते. मी तो वयाचा गुण समजून बसले होते.

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. थंडीतला प्रयोग फसला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. खोटं कशाला बोलू, एक अख्खा दिवस मी तसाच विचार केला. मग सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पहिल्यापासून करावं लागेल,” ते म्हणाले. “वर्ष जाईल.”

घरी आले तेव्हा आई तुरीच्या शेंगा सोलत होती. आज तिनं विचारायच्या आधीच मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

“म्हणजे त्याइले ऊन लागलं म्हण ना,” ती म्हणाली.

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच कोसळलं. सहा वर्षांचा शीण असा एका वाक्यावर बाहेर पडेल, असं वाटलं नव्हतं.

“रडून काहून राहिली वं? तू काय केलं त्यात?” म्हणत ती उठली. भिंतीशी ठेवलेली पिशवी तिनं सोडली, गावाला न्यायला धुऊन ठेवलेली लोणच्याची बरणी बाहेर काढली आणि पुन्हा फळीवर ठेवली.

“येत्या उन्हाळ्याचं लोणचं बी इथंच घालू मंग.”

गुडघ्यावर हात टेकत ती खाली बसली, आणि कितीतरी वेळ एकच शेंग सोलत राहिली.