लवंगकाकूंच्या घरातल्या मुंग्या

लवंगकाकूंना कुणी किडे घालवायला बोलावलं, की त्या आधी चहा नको म्हणायच्या आणि सरळ स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून बसायच्या. घरच्या बाईला वाटायचं, आता बाटली काढतील, काहीतरी शिंपडतील. काकू नुसत्या बघत बसायच्या. मुंग्यांची रांग कुठून निघते, कुठे वळते, कुठे जाऊन गोळा होते. झुरळ कोणत्या फटीत शिरतं. मध्येच कुणी बोललं तर बोट वर करून गप्प करायच्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठताना म्हणायच्या, "किडा काही तुमच्यावर जीव आहे म्हणून येत नाही. काहीतरी मिळतं म्हणून येतो. आधी ते शोधा, मग त्याला हाकला."

आणि शोधूनही द्यायच्या. शेगडीखाली उतू गेलेल्या दुधाचा थर, फ्रिजमागे घरंगळून सडलेला कांदा, नळाखाली कायम ओली राहणारी फळी. एका घरात तर सोफ्याच्या पोटात सासऱ्यांनी लपवलेली बिस्किटं निघाली आणि त्यावरून सासरा-सुनेत जी जुंपली, ती मिटवायलाही काकूंनाच बसावं लागलं.

त्यांचे उपाय तसे साधे होते. पिठाच्या डब्यात तमालपत्र, साखरेत लवंगा, कपाटात कापराची पुरचुंडी, खिडकीत पुदिन्याची कुंडी, कुंडीतल्या रोपांवरच्या मावा किडीवर ठेचलेल्या लसणाचं साबणपाणी. पण खरी ख्याती होती ती त्यांच्या बाटलीची. व्हिनेगरमध्ये लवंगा मुरवून त्या ते पाणी बाटल्यांत भरायच्या आणि इमारतीत घरोघर वाटायच्या. मुंग्यांच्या वाटेवर ते मारलं की मुंग्या वाट विसरायच्या. फवारणीवाल्यांचं नाव काढलं तर काकूंचं डोकंच फिरायचं. तळमजल्यावर एकदा फवारणी झाली, तेव्हा झुरळं चार दिवसांत परत आली. पिंजऱ्यातला पोपट मात्र काही परत आला नाही. ही गोष्ट काकू इतक्यांदा सांगायच्या, की पोपटाच्या मालकिणीलाही ती तोंडपाठ झाली होती.

काकूंचे यजमान शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं पायडलचं मशीन होतं आणि दिवसभर त्यावर त्यांचे दोन्ही पाय चालत असत. विजेच्या मशीनला त्यांनी नाक मुरडलं ते कायमचंच. "पायाला कळतं कुठे थांबायचं," म्हणायचे. माणूस अबोल, पण टेप गळ्यात असला की त्यांना सगळ्यांच्या घरातलं कळायचं. कोण सुटलं, कोण वाळलं, कुणाचा खांदा एका बाजूला उतरला.

त्या वर्षी मास्तर स्वतःच वाळायला लागले. काकूंनी त्यांच्या पँटी आत घेतल्या, थोड्या दिवसांनी पुन्हा घेतल्या. मशीनशेजारी पाण्याची मोठी बाटली आली, ती दुपारपर्यंत रिकामी व्हायला लागली. रात्री सारखं उठणं सुरू झालं. काकू म्हणाल्या, "उन्हाळा आहे." उन्हाळा सरला, तेव्हा म्हणाल्या, "वय झालं आता."

आणि एका सकाळी काकूंना त्यांच्याच बाथरूममध्ये मुंग्या दिसल्या.

बारीक, तांबूस. भिंतीच्या कोपऱ्यातून उतरून जाळीपाशी गोळा झालेल्या. तिथे साखर नव्हती, खरकटं नव्हतं, काहीच नव्हतं. काकू दारात उभ्या राहिल्या आणि त्यांना आधी काय सुचलं असेल, तर वळून बाहेरचा दरवाजा लागलाय की नाही ते बघणं. समोरची शेजारीण कुठल्याही क्षणी डोकवायची आणि लवंगकाकूंच्या घरात मुंग्या निघाल्या ही बातमी संध्याकाळपर्यंत गच्चीवर वाळत पडली असती. त्यांनी घाईघाईने बाटली आणली, पाणी मारलं, फडक्याने पुसलं, फडकं धुऊन टाकलं. दुसऱ्याच्या घरात त्या खाली बसल्या असत्या, बघितलं असतं, विचारलं असतं की या आल्या कशासाठी. स्वतःच्या घरात त्यांना बसायला लाज वाटली.

मुंग्या पुन्हा आल्या. रोज नाही, पण येत राहिल्या. काकूंनी बाटलीतल्या लवंगा वाढवल्या. मग वरच्या मजल्यावरच्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यांच्याच पाइपातून उतरत असणार म्हणून. मास्तरांना काही कळू दिलं नाही. एवढ्या बारीक गोष्टीकडे पुरुषांचं लक्ष असतं कुठे, हा त्यांचा समज होता.

पुढचा उन्हाळा संपत आला, तेव्हा एक दिवस मशीनवर बसल्या बसल्या मास्तरांना घेरी आली. काकू त्यांना गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. दवाखाना एवढासा, तपासायची खोली आणि बसायची खोली यांच्यामध्ये नुसता पडदा. बाहेर बाकावर इमारतीतली अर्धी मंडळी खोकत बसलेली. त्यात शेगडीखालच्या थरावरून काकूंनी चारचौघांत जिची खरडपट्टी काढली होती ती बाईही होती. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचे डोळे बघितले, जीभ बघितली, पाणी किती पिता विचारलं. मग मान वर न करताच म्हणाल्या, "लघवी केलेल्या जागी मुंग्या येतात का हो?"

पडद्याबाहेरचा खोकला थांबला. निदान काकूंना तरी तसं वाटलं.

"मुंग्या? आमच्या घरात?" काकू हसल्या. "अहो डॉक्टर, बाकी काहीही विचारा. माझ्या घरात मुंगी नाही."

मास्तरांनी एकदा काकूंकडे बघितलं आणि मान डोलावली. "नाही, नाही. हिच्या घरात कशा येतील?"

बाहेर कुणीतरी हसलं. चांगल्या मनानेच हसलं. डॉक्टरीणबाईंनी शक्तीच्या गोळ्या दिल्या आणि जमेल तितक्या लवकर रक्त तपासून घ्या म्हणून बजावलं. पण शाळा सुरू व्हायच्या होत्या, गणवेशांचा ढीग छताला टेकत होता. रक्त काय, नंतरही तपासता येईल, असं दोघांचंही मत पडलं.

गणवेशांच्या त्याच गडबडीत मास्तरांच्या उजव्या तळव्यात टाचणी शिरली. कधी शिरली, ते त्यांनाही सांगता आलं नाही. संध्याकाळी मोजा काढला, तेव्हा काकूंना तिचं डोकं दिसलं. टाचणी आत होती आणि मास्तर दिवसभर त्याच पायाने मशीन मारत होते.

"अहो, दुखलं नाही तुम्हाला?"

"कळलंच नाही गं." मास्तर पायाकडे बघत होते, गिऱ्हाइकाच्या विसरलेल्या पिशवीकडे बघावं तसे. "हल्ली तळवे जरा बधिरच असतात."

काकूंनी टाचणी उपसली, लवंगेचं तेल लावलं, पट्टी बांधली. जखम एवढीशी होती, पण मिटेना. मग तिच्या कडा पांढऱ्या पडल्या आणि नंतर तिला वास यायला लागला. काकूंनी खोलीच्या चारही कोपऱ्यांत कापूर ठेवला. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका म्हणायच्या, "काय छान वास येतो हो तुमच्याकडे!" आणि काकू त्या बायकांना कापराचं प्रमाण समजावून सांगत होत्या.

समोरच्या शेजारणीची कॉलेजात जाणारी मुलगी तिचा निळा कुर्ता घेऊन आली, तीही याच दिवसांत. मास्तरांनी टेप लावला, टाचण्या टोचल्या आणि भुवया चढवल्या. "परत आत घ्यायचा? मागेच घेतला ना? जेवतेस की नाही?"

"खूप जेवते हो काका," मुलगी हसली आणि जाताना मास्तरांच्याच बाटलीतलं पाणी घटाघटा पिऊन गेली. तो कुर्ता टाचण्यांसकट मशीनवर तसाच राहिला, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी काकू भाजी निवडत असताना त्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं.

खिडकीच्या चौकटीतून एक रांग उतरली होती. बारीक, तांबूस. फरशीच्या सांध्यावरून सरळ चालत मशीनच्या पायापर्यंत आलेली. तिथून ती लोखंडी जाळीवर चढली होती. मास्तर शाळेचे खिसे शिवत होते आणि पायडल वर-खाली होत होतं. वर-खाली होणाऱ्या पायडलवरून मुंग्या चढत होत्या आणि पट्टीच्या कडेतून आत जात होत्या. पट्टीचा कडेचा भाग काळा झाला होता आणि हलत होता. मास्तर गुणगुणत होते. त्यांना काहीही कळत नव्हतं.

काकूंनी बाटली उचलली नाही. त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो ऐकून समोरची शेजारीण हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली.

मोठ्या हॉस्पिटलात रक्तातली आणि लघवीतली साखर तपासली. तिथल्या डॉक्टरांनी आकडा बघून आधी मास्तरांकडे, मग काकूंकडे बघितलं. हे आजचं दुखणं नाही, म्हणाले, वर्षभर तरी आत मुरतंय. विष वर चढलंय, पाऊल काढावं लागेल, आणि ते काढूनही गुडघा वाचेल की नाही ते आत्ताच सांगता येत नाही. "काहीच लक्षण दिसलं नाही का तुम्हाला घरात?"



ऑपरेशनला नेण्याआधी मास्तरांनी त्यांना जवळ बोलावलं. पांढऱ्या चादरीत माणूस एवढासा दिसत होता.

"एक सांगू का? रागावू नकोस."

"बोला ना."

"मुंग्या येत होत्या गं. बाथरूममध्ये. मी पहाटे उठायचो ना, तेव्हा रोज दिसायच्या. तू उठायच्या आत बादलीभर पाणी ओतून घालवायचो." ते थोडं थांबले, धाप लागली होती. "म्हटलं, तुझा एवढा नावलौकिक. स्वतःच्याच घरात मुंग्या बघून तुला वाईट वाटेल. दवाखान्यात पण म्हणूनच गप्प बसलो."

काकूंना जे दिसत होतं ते मास्तरांच्या बादलीतून उरलेलं होतं. एकाच घरात, एकाच कोपऱ्यातून, दोघं एकमेकांपासून तीच रांग लपवत होते. त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि म्हणाल्या, "मलाही माहीत होतं." पण तोवर माणसं स्ट्रेचर घेऊन आली होती, आणि मास्तरांनी ते ऐकलं की नाही, हे काकूंना कळलं नाही.

पाऊल गेलं. गुडघ्याचं अजून ठरायचं होतं. काकू मास्तरांचे धुतलेले कपडे न्यायला म्हणून घरी आल्या आणि चपला न काढताच बाथरूमच्या दाराशी गेल्या. फरशी कोरडी, पांढरी होती. इतक्या दिवसांत तिथे कुणी बाटली मारली नव्हती की बादली ओतली नव्हती, तरी एकही मुंगी नव्हती. ज्याच्यासाठी त्या येत होत्या, तो माणूसच घरात नव्हता. काकू आयुष्यात पहिल्यांदा आपल्या घरात, दुसऱ्यांकडे बसायच्या तशा, जमिनीवर बसल्या आणि त्या स्वच्छ कोपऱ्याकडे बघून ओक्साबोक्शी रडल्या.

शेजारीण डबा घेऊन आली, तेव्हा त्या पुढच्या खोलीत मशीनपाशी उभ्या होत्या.

"काकू, दोन घास खाऊन घ्या."

"अगं, मुंग्या होत्या," काकू म्हणाल्या. "माझ्या बाथरूममध्ये. केव्हाच्या होत्या. मी सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं."

शेजारणीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "त्यात काय एवढं, काकू? घर म्हटलं की मुंग्या यायच्याच. आमच्याकडे पण येतात की बाथरूममध्ये. तुमची बाटली मारली की जातात बिचाऱ्या."

काकूंचा हात मशीनवर होता. हाताखाली तो निळा कुर्ता होता, दोन्ही बाजूंनी टाचण्या टोचलेला, दुसऱ्यांदा आत घ्यायचा राहिलेला.

"कधीपासून येतात?" त्यांनी विचारलं.

"झाले की बरेच महिने. का हो?"

काकूंनी कुर्ता उचलून छातीशी धरला. टाचण्या तळहातात घुसत होत्या.

"पोरगी कुठे आहे तुझी?"