दगडाखालची नदी

रहिमतपूरच्या आकारामला 'चुकलो' म्हणायची सवयच नव्हती. विहिरी पाडणाऱ्याचा पोरगा, त्यात पलटणीतला हवालदार. कुठंही बसला तरी शेवटचा शब्द त्याचाच. एकदाच काय तो तोंडावर आपटला, हिमालयाच्या पायथ्याशी. तिथं पलटणीसाठी पाण्याचा बोअर मारताना टणक खडक लागला आणि यानं मशीन बंद केलं. खडकाखाली वाळू-पाणी कुठलं असणार? सोबतचे भूगर्भ खात्याचे साहेब म्हणाले, मारत राहा. खडक संपला आणि खालून वाळू, गोल गोटे, पाणी वर आलं. मग साहेबांनीच समजावलं: इथं मागचा डोंगर पुढं रेटला जातो आणि त्याच्याच पायथ्याशी नदीनं टाकलेल्या गाळावर चढून बसतो. डोंगर लांब असतो तोवर नदी चिखल आणते, तो जवळ येईल तशी वाळू, मग डोक्याएवढे धोंडे.

पेन्शनीत आल्यावर आकारामनं हा फजितीचा किस्सा मोठेपणाचा करून गावोगाव सांगितला. "खडकाखाली नदी असती गड्या, मी बघितलीया."

१९७४ साली तो दुष्काळी जतकडं गेला, पलटणीतला दोस्त सिद्धू याच्याकडं. सिद्धू मेंढपाळाच्या घरातला. सहा महिने तो आणि त्याची बायको धोंडुबाई काळ्या खडकात विहीर पाडत होते. सुरुंगापायी निम्मी मेंढरं विकून झाली होती, उरलेली उद्याच्या बाजारात जायची होती.

"तुजा शब्द धरून खणतोय," सिद्धू अभिमानानं म्हणाला. "आता नदी लागंलच."

आकाराम उठला. तो शेजारच्या ओढ्यात उतरला आणि टॉवेलात गोटे भरून आला.

"सिद्धू, तिकडं नदीत पांढरं, तांबडं, हिरवं गोटं हुतं, लांबच्या डोंगरातनं आल्यालं. ह्यात बघ. काळा दगड आन त्यातलीच गारगोटी. हितला डोंगर कुटनं रेटत आला न्हाई, जाग्यावरच झिजलाय. त्याच्याखाली नदी दबंल कशी? फटीत पाणी लागलं तर लागंल, नदी न्हाई."

"तुला ठावं हुतं ह्ये?"

"व्हय. पर तेवढं सांगितलं तर गोष्टीची मजा जात हुती."

सिद्धूनं एकेक गोटा उलटून पाहिला. "मग सा म्हैनं आमी काय खणलं रं?"

"माजी फुशारकी," आकाराम म्हणाला.

धोंडुबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं काठी उचलली आणि बाजारासाठी कोंडून ठेवलेली मेंढरं माळावर सोडून दिली.