साठ, दोन, चारशे

मुनीर गेल्याची बातमी फोनवर कळली, पण पटली ती चौकातल्या फ्लेक्सवर. आमच्या क्लासच्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी भलामोठा फ्लेक्स लावला होता, 'आमचे लाडके मुनीर सर' म्हणून. आणि त्यावर फोटो कुठला? मी काढलेला! क्लासच्या निरोप समारंभात, कॅमेरा ऑटोवर ठेवून, समोरून धाडकन फ्लॅश मारून काढलेला. चेहरा पांढराफटक, कपाळ चकाकतंय, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. तो फोटो पाहून मुनीर तेव्हा म्हणाला होता, "दिग्या, चुन्याच्या बादलीत बुडवून काढलास की रे मला!" ज्या माणसानं जन्मभर माझ्या फोटोंना नावं ठेवली, तो शेवटी माझ्याच फोटोत चौकात टांगला गेला... कारण सगळ्यांचे फोटो काढत हिंडणाऱ्या या माणसाचा स्वतःचा धड फोटो कुणाकडेच नव्हता. मी स्कूटर बाजूला घेऊन उभा राहिलो, आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला राग आला. जाता जाता गड्यानं माझी लाज काढली होती.

मला मुनीरचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, वाटतो. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण मग लिहू काय? 'हसतमुख' आणि 'मनमिळाऊ' हे दोन्ही शब्द पोरांनी फ्लेक्सवर वापरून टाकलेत. आमची ओळख नांदेडच्या वसतिगृहातली. मी भौतिकशास्त्राला, तो जीवशास्त्राला, खोली एक. उदगीरला त्यांचं आजोबांपासूनचं बांगड्यांचं दुकान. सुट्टीत हा गल्ल्यामागं बसून बायकांच्या हातात बांगड्या भरायचा. त्यामुळं कुठल्याही वयाच्या बाईशी बोलताना तो अवघडायचा नाही, आणि बायकाही त्याच्याशी जन्माची ओळख असल्यागत बोलायच्या. मेसमधल्या मावशी माझ्या ताटात मोजून भाजी घालायच्या आणि त्याला विचारायच्या, "आज कमी जेवलास रे, बरं न्हाई का?" तेव्हापासून मी जळतोय, बरं का.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघं नांदेडातच होतो. माझं गाव निलंगा तालुक्यातलं. बातम्या ऐकून मी पिशवी भरायला लागलो, तर हा चप्पल घालून दारात तयार. थोडं एसटीनं, थोडं ट्रकनं आणि उरलेलं चिखलातून पायी, असे आम्ही पोचलो. वडील गेले होते. मायला मातीतून जिवंत वर काढलं होतं आणि ती पत्र्याच्या आडोशाला बसून होती, डोळे कोरडे. मी वडिलांच्या मागचं सगळं बघत पळत होतो, आणि तेवढा वेळ मुनीर तिच्याजवळ बसून होता. काय बोलले, काही बोलले की नाही, मला माहीत नाही. निघताना माय त्याला म्हणाली, "येत जा रे बाबा." मला नाही म्हणाली. मी तर येणारच होतो, म्हणून म्हणाली नसेल. तरी ते माझ्या ध्यानात राहिलं.

पुढं लातुरात क्लासचे दिवस आले. गल्लोगल्ली पाट्या, पाट्यांवर हसरे डॉक्टर-इंजिनिअर, मुखेड-देगलूरकडून ट्रंका घेऊन आलेली पोरं, आणि जिन्याखालची खोलीसुद्धा भाड्यानं गेलेली. एकाच क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायला लागलो, तो बायॉलॉजी. हातात चार पैसे खेळायला लागले तसे आम्ही एका रविवारी नांदेडला जाऊन दोन कॅमेरे घेतले. एकच दुकान, एकच कंपनी, एकच मॉडेल. मला वाटलं, आता मात्र बघतोच याला. प्रकाश म्हणजे माझा विषय! भिंगं, किरण, नाभी, सगळं मी फळ्यावर झोपेत काढून दाखवीन. आणि मुनीर बेडकाची आतडी शिकवणारा माणूस. पण त्यानं पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याच्या डोक्यावरची चकती 'एम'वर आणली, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा आणि किती वेळ घ्यायचा हे सगळं आपण हातानं ठरवायचं, आणि ती तिथून कधी हलवली नाही. मी ऑटोवर, म्हणजे सगळं कॅमेऱ्यावर सोडून, खूश होतो. म्हणायचो, "कंपनीनं एवढे इंजिनिअर ठेवलेत, ते काय येडे हायत का?" तो म्हणायचा, "हुशार हायत रे, पण ते इथं न्हाईत ना. तू हायस."

त्याचे फोटो बघून लोक 'वा' म्हणायचे आणि माझे बघून 'छान'. हा फरक ज्याला कळतो त्यालाच कळतो. शेवटी मीही एमवर आलो आणि शुद्ध कॉपी केली. विष्णुपुरीला धरणाच्या पाण्यावर ऊन चमकत होतं, तिथं त्यानं काय आकडे लावलेत ते खांद्यावरून वाकून बघितले, तेच माझ्या कॅमेऱ्यात लावले आणि झाडाखाली बसलेल्या आमच्या दोन्ही कुटुंबांचा झोकात फोटो काढला. त्याचं पाणी चांदीसारखं आलं. माझ्या फोटोत डांबर सांडल्यासारखा अंधार, आणि त्यात भाभीची, मुनीरच्या बायकोची, फक्त पांढरी पिशवी दिसत होती. मुनीर पोट धरून हसला. "अबे, पेपर दुसरा अन् उत्तरं माझी लिहायलास! उन्हाचे आकडे सावलीला कसे चालतील? हात बघ, हात." मग त्यानं आपला तळहात कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. आत बघितलं की खाली एक बारीक पट्टी दिसते, मध्ये शून्य, आणि उजेडाप्रमाणं त्यावर काटा मागंपुढं सरकतो. ज्या उजेडात माणूस बसलाय त्याच उजेडात तळहात धरायचा, त्यावर काटा शून्याच्या एक घर पुढं येईल असे आकडे लावायचे आणि मग माणसाचा फोटो घ्यायचा. "चेहरे काळे-गोरे असतात, तळहात बहुतेक सारखेच. तिथं रंगद्रव्य कमी असतं." आता बोला! प्रकाश माझा विषय, आणि गडी मला बायॉलॉजीतून हरवून गेला.

पण माझं खरं दुखणं वेगळं होतं. भूकंपात घरातले सगळे फोटो मातीत गेले. वडिलांचा एकही नाही, मायचाही नाही. मला तिचा एक चांगला फोटो हवा होता आणि तो मीच काढलेला हवा होता. ती काढूच द्यायची नाही. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. माझ्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ती कुठं पाठमोरी, कुठं खांबाआड. दिवाळीला प्रयत्न केले, पाया पडलो, चिडलो... ती उठून आत जायची. आणि एकदा मुनीर सोबत आला. पुनर्वसनातलं घर, छोटी खिडकी, अर्धं उघडं दार. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, हात द्या बघू." तिनं दिला! त्यानं बांगड्या भरताना धरतात तसं तिचं मनगट धरलं, तळहात दाराच्या उजेडाकडं वळवला, त्यावर कॅमेऱ्याचा काटा जुळवला आणि हळूच सोडला. वडील गेल्यापासून मायचा हात असा कुणी धरला नसणार. ती त्याच्याकडं बघत राहिली, ओठांच्या कडेला हसू आलं, आणि नुसतं बारीक 'टक्' झालं. तो फोटो तिच्या घरात देवाच्या शेजारी लावलाय. तिच्या कपाळावरची एकेक रेघ दिसते, आणि माझ्याकडं बघून ती तशी कधी हसलेली मला आठवत नाही.

परतताना गाडीवर मी पुढं होतो. मुनीर मागून म्हणाला, "तिच्यावर फ्लॅश मारत जाऊ नकोस रे. मातीतून वर काढलं तेव्हा कुणीतरी फोटो घेतला होता, एकदम डोळ्यांवर उजेड. त्या उजेडात तिला शेजारी तुझे वडील दिसले... मघाशी तू पाणी आणायला गेलास ना, तेव्हा बोलली." मी गाडी चालवत राहिलो. काय वाटलं ते स्पष्टच सांगतो, मला दुःख नंतर झालं. आधी डोकं फिरलं. माय माझी, बाप माझा, आणि हे मला उदगीरच्या पोराकडून कळायचं? ती मला का नाही बोलली? त्यानंतर मी फ्लॅश बंद करून पुष्कळ फोटो काढले. एक हललेला, एक काळा, एक भुतासारखा. माय ते बघायची आणि काही वाईट न बोलता विचारायची, "मुनीर कधी येनार हाय?"

तो या थंडीत उदगीरला भावाकडं गेला आणि तिथंच झोपेत गेला. त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी मला बोलावून त्याचा कॅमेरा हातात दिला. "भैया, तुम्हीच ठेवा. घरात कुणालाच येत नाही ते." आतलं कार्ड त्यांच्या मुलानं आधीच काढून, पुसून कॉलेजच्या कामाला घेतलं होतं. त्या पोराला काय माहीत... मी घरी येऊन बटण दाबलं. चकती एमवर. शटर साठ, ॲपर्चर दोन, आयएसओ चारशे. ऑटोमधला कॅमेरा दर फोटोला आकडे बदलतो. एमवरचा बदलत नाही, आपण ठेवले तसेच ते राहतात. म्हणजे मुनीरनं शेवटचा फोटो ज्या उजेडात घेतला, तो उजेड तेवढा या कॅमेऱ्यात उरला होता.

माझ्या डोक्यात किडा शिरला. कुठला उजेड? शेवटचा फोटो कुणाचा? माझा नव्हता, हे नक्की. मी वर्गात ट्यूबखाली तळहात धरला, काटा पार पुढं. गच्चीवर तर विचारूच नका. स्वयंपाकघरात जवळ आला आणि हुकला. बायको म्हणाली, "हातावर काय बगायलाव सारखं?" जन्मभर पोरांना गणितावरून उत्तर काढायला शिकवलं. इथं उत्तर हातात होतं आणि गणित सापडत नव्हतं. आकडे बदलायला मात्र बोट धजेना.

शनिवारी गावी गेलो. दिवस कलला होता, माय नेहमीच्या जागी, अर्ध्या उघड्या दाराजवळ. मी पिशवीतून माझं कार्ड घातलेला त्याचा कॅमेरा काढला आणि काही बोलायच्या आधीच तिनं तळहात पुढं केला. "असाच धरायचा न्हवं?"

"तुला काय माहीत, हा त्याचा कॅमेरा हाय म्हणून?"

"वळखते की, पट्ट्यावरनं. मुनीर आला होता थंडीत. उदगीरला चालला होता, वाट वाकडी करून आला. फोटो काढला, म्हणला पुढल्या बारीला घेऊन येतो... तुला बोलला न्हाई का?"

नाही बोलला. माझ्या मायकडं येऊन गेला आणि मलाच नाही बोलला. कॅमेऱ्यातून बघितलं तर तिच्या तळहातावर काटा शून्याच्या बरोबर एक घर पुढं उभा होता. तिनं हात खाली घेतला. त्याचं नाव निघालं होतं म्हणून असेल, ती तशीच हसली, तोंडभर नाही, ओठांच्या कडेला. मी दाबलं.

आठ दिवसांनी प्रिंट घेऊन गेलो. हा फोटो मी काढलाय आणि तो चांगला आलाय, एवढं ऐकायच्या आशेनं अख्खा रस्ता माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. मायनं पाकिटातून फोटो काढला, दाराशी नेला, लांब धरला, जवळ धरला. डोळ्यांना पदर लावला.

"आला व्हय मुनीरचा फोटो," ती म्हणाली. "म्हणलाच होता, आणून देतो म्हणून. गेला तरी शब्दाचा पक्का माणूस." मग माझ्याकडं बघितलं. "अन् तू बी काढला होतास की त्या दिवशी. तुझा कुठं हाय?"

तोंडाशी आलं होतं. अगदी जिभेवर होतं.

"माझा बिघडला, माय."

"असू दे," माय म्हणाली. "तुला येतच न्हाई ते."

तो फोटो आता देवाच्या शेजारी, पहिल्याला लागून लावलाय. आल्यागेल्याला ती सांगते, दोन्ही मुनीरनं काढलेत. कॅमेरा माझ्या कपाटात आहे, वरच्या फळीवर. परवा मुलीनं मैत्रिणीच्या वाढदिवसाला मागितला, मी म्हटलं मोबाइलवर काढ. अधूनमधून बॅटरी चार्ज करतो, बटण दाबून बघतो. साठ, दोन, चारशे.