कमतरीन

"कोन बे तिकडं?" मुनशीनं मान वर न करताच इचारलं.

"कमतरीन आलाय, सरकार," मी म्हनलो.

देशमुखाच्या वाड्यात सदरेवर हसू फुटलं. देशमुख हसला, मुनशी हसला, पान लावीत बसलेला गडीबी हसला. मला त्याचं काही वाटलं न्हाई. मी गेलो की ते हसायचेच. मला वाटायचं, जुनी वळख हाय म्हनून हसतेत. मीबी थोडा हसलो. हात जोडलेलेच होते.

माझ्या बाजूला माझा किसन उभा होता. हैदराबादेच्या कॉलेजातून आलेला. तो हसला न्हाई. मी भर बाजारात धोतर सोडावं अन् त्यानं ते बघावं, तसा तो माझ्याकडं बघत होता.

आमी पायरीच्या खाली, उन्हात. आमच्या जातीनं पायरी चढायची न्हाई. चामड्याचं काम आमचं. माझा बाप मोमिनाबादेच्या छावणीत घोड्यांचे जीन शिवायचा. कागदावर मोमिनाबाद, लोकांच्या तोंडात आंबेजोगाई. छावणीच्या शाळेत मी बाराखडी अन् थोडं वाचन शिकलो. घोडेस्वारांचा रिसाला गेला, शाळा गेली, मी गावात येऊन मोटा शिवायला लागलो. देशमुखाच्या सगळ्या हिरींच्या मोटा माझ्या हातच्या. त्या मोटांचं पानी त्याला चालायचं. माझी सावली चालायची न्हाई.

देशमुखानं पान तोंडात टाकलं. "काय काम काढलं बे?"

"पोराला चालचलनीचा दाखला पायजे, सरकार. पुण्याच्या कॉलेजात जायाचं म्हनतो."

"हैदराबाद कावून सोडतो? तिथं काय काटे टोचले?"

किसन म्हनला, "तिथं सगळं उर्दूत हाय. ते मी शिकलो, पासबी झालो. पन मला पुढं वकिली करायची हाय. पुण्यात आमच्या पोरांसाठी बोर्डिंग निघालंय."

"वकील." देशमुखानं मुनशीकडं बघितलं. "ऐकलं का? मोटेला सोंड लावायला आता वकील येनार."

परत हसू.

गोष्ट अशी होती. पुण्याच्या कॉलेजानं कळवलं होतं, दुसऱ्या वर्षाला एक जागा हाय, घेतो. पन जून लागायच्या आत कागद पायजेत. पहिल्या कॉलेजाचा सोडल्याचा दाखला, मार्काचा कागद, अन् गावच्या इज्जतदार मानसाच्या सहीशिक्क्याचा चालचलनीचा दाखला. पहिले दोन किसननं आनले होते. सोडल्याचा दाखला काढला म्हंजी हैदराबादेतलं नाव कटलं, शिकायला मिळनारा वजीफाबी बंद झाला. पोरगं एका दारातून निघालेलं अन् दुसऱ्या दारात न पोचलेलं. मधी फक्त ह्या मानसाचा शिक्का. पंचक्रोशीत दुसऱ्या कुनाकडं शिक्का न्हाई.

देशमुख म्हनला, "देऊ की. आपलंच लेकरू हाय. मुनशी, ह्याच्या बापाची अर्जी घ्या आधी. रिवाजानं होऊ द्या."

मुनशीनं उर्दूत अर्जी लिवली अन् वाचून दाखवली. "कमतरीन, पेशा मोट शिवनं, साकिन मौजे हाच, हुजुरांच्या कदमांशी अर्ज करतो की..."

मी मान डोलवली. तो शब्द माझ्या वळखीचा होता. लई वर्सांमागं कातडी वाळवायला गायरानाचा तुकडा मागितला, तवा पयल्यांदा ऐकलेला. माझ्या नावाच्या आधी लावला होता. मला वाटलं जमादार असतो, फौजदार असतो, तसा अर्ज करनारा म्हंजी कमतरीन. सरकारी शब्द. आमच्या नावाच्या आधी आजवर शिवीच लागलेली, सरकारी शब्द पयल्यांदा लागला. मी तो घरी घेऊन आलो. बायकोला सांगितला.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत न्हाई. तिला तो शब्द आयताच सापडला. "आमचे कमतरीन मळ्यात गेलेत." "आमच्या कमतरीनला कडक भाकर आवडती." नदीवर, बाजारात, देशमुखाच्या परसदारी, सगळीकडं तेच. परसदारी बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ती घरी येऊन म्हनायची, "जळतेत मेल्या. त्यांच्या नवऱ्यांना हाय का असला शब्द?"

मुनशीनं कागद पायरीवर ठेवला. बाजूला शाईत भिजवलेली चिंधी. इतर लोकांसाठी शाईची गादी होती, आमच्यासाठी चिंधी. सही मला मराठीत करता येत होती. पन उर्दू कागदावर मराठी सही चालत न्हाई, असं मुनशीनं पयल्याच अर्जीला सांगितलेलं. मी अंगठा चिंधीवर दाबला.

"तो शब्द काढा," किसन म्हनला.

"कोनता?"

"कमतरीन."

मुनशी म्हनला, "दफ्तरी रिवाज हाय, पोरा. मीबी तालुकदाराला लिवतो तवा स्वतःला कमतरीनच लिवतो. सगळेच लिवतेत."

"तुमी कागदावर लिवता. तुमाला तोंडानं कुनी हाक मारतं का, ए कमतरीन म्हनून?"

मुनशीनं दौतीचं झाकन लावलं. देशमुख मात्र गालात हसत होता. "आमी ठेवलं व्हय ते नाव? तुझा बापच सांगत येतो. आमाला काय, आमी ऐकून घेतो. लई वर्सं झाली ऐकतोय."

मी किसनला इचारलं, "काय म्हंजी रे?"

तो माझ्या अंगठ्याकडं बघत राहिला.

"सांग की," देशमुख म्हनला. "शिकलेला हायस. बापाला सांग."

किसननं खाली बघत सांगितलं. "सगळ्यात हलका, बाबा. ज्याच्या खाली कुनी न्हाई तो."

माझा अंगठा शाईनं भरलेला होता. कागद समोर होता. ते सगळे बघत होते, आता म्हातारा काय करतो. त्यांना तमाशा बघायचा होता. मला त्या येळी राग आला तो शिवीचा न्हाई. शिव्या मी जन्मभर खाल्ल्या. पन शिवी देनारा तोंड वेंगाडून देतो, आपल्याला कळतं की ही शिवी हाय. ह्यांनी मला माझ्याच तोंडानं बोलायला लावली. हात जोडून. हसत. माझ्या बायकोच्या तोंडानं बोलायला लावली, अन् तिच्यावर आपल्या घरच्या बायका हसवल्या. एकालाबी वाटलं न्हाई की म्हाताऱ्याला सांगावं. दगडाला सांगतेत, गाईला सांगतेत. मला सांगितलं न्हाई.

मी अंगठा माझ्या बंडीला पुसला.

"मंग दाखला न्हाई," देशमुख म्हनला. आवाज चढला न्हाई. जसं म्हनावं, आज ऊन लई हाय.

"न्हाई तर न्हाई," मी म्हनलो. सरकार म्हनलो न्हाई.

गावाबाहेर आमच्या वस्तीच्या वाटंवर किसन थांबला. त्याचा चेहरा पडला होता. "बाबा, मी उगाच बोललो. एक शब्दच तर हाय. चला माघारी. माझी जागा जाईल."

"जाऊ दे."

"हैदराबादचं नावबी कटलंय."

"मला ठावं हाय."

"तुमाला सोपं हाय जाऊ दे म्हनायला."

मी त्याला मारलं न्हाई. मारावं वाटलं. मी म्हनलो, "तू अर्थ सांगितला न्हाईस तवापोतर मी अंगठा देत होतो. आता तूच म्हन, अर्थ कळल्यावर कसा देऊ? तुला शिकवायला धाडलं ते ह्याच्यासाठीच की. आता शिकलास, तर भोग."

तो रडला. मी चालत राहिलो.

घरी बायको उंबऱ्यातच. "झालं का काम?" मी तिला सगळं सांगितलं. शब्दाचा अर्थबी सांगितला. सांगायला नको होतं असं लोक म्हनतील. म्हनू द्या. एवढी वर्सं आमच्यापासून दडवून दडवूनच त्यांनी राज्य केलं.

ती खाली बसली. म्हनली, "मंग मी एवढी वर्सं तुमाला शिव्याच देत होते व्हय?"

"तुला कुठं ठावं होतं."

"त्या परसदारच्यांना तर ठावं होतं."

दुसऱ्या दिशी नदीवर एका बाईनं मुद्दाम इचारलं, "काय ग, तुझे कमतरीन कुठं गेले?" तवा हिनं सगळ्या बायांसमोर माझं नाव घेतलं. पुरं नाव, बापाच्या नावासगट. बायांनी कानाला हात लावले. घरी येऊन तिनं मला सांगितलं, अन् परत एकदा घेऊन दाखवलं. ते नाव मी इथं लिवत न्हाई. ते तिच्या तोंडचं हाय.

पुण्याहून उत्तर आलं, दाखल्याबिगर घेता येत न्हाई. जागा गेली. किसन वर्सभर माझ्यासंगं कातडं कापत बसला. देशमुखानं मोटांचं काम दुसऱ्या गावच्या मानसाला दिलं. आमी आठवडी बाजारात वहाना विकल्या. पावसाळा सरता सरता बायको तापानं गेली. किसनला पुण्याला न्यायला तिनं गोधडी शिवून ठेवली होती. तीच तिच्या अंगावर घातली.

लोक समजूत काढायला आले. म्हनले, देवाची मर्जी. मी म्हनलो, देवाला मधी आनू नका. पोरगं पुण्याला गेलेलं बघून ती मेली असती, तर मी देवाची मर्जी म्हनलो असतो. हे कुनाच्या मर्जीनं झालं ते मला ठावं हाय. तो रोज पान खातो अन् माझ्या शिवलेल्या मोटंचं पानी पितो.

ह्या वर्सी किसननं परत अर्ज केला. मी करायला लावला. परवा उत्तर आलं. जागा हाय, कागद पाठवा, अन् गावच्या इज्जतदार मानसाचा दाखला. किसननं वाचून कागद माझ्यापुढं ठेवला.

मी दौत मागितली. मराठीत लिवलं. ह्या पोराला मी जन्मल्यापासून वळखतो. ह्यानं चोरी केली न्हाई, कुनाची नक्कल केली न्हाई, खोटं बोलायची येळ आली तवा खरं बोलला. खाली माझी सही केली. शिक्का न्हाई.

किसन म्हनला, "बापाचा दाखला चालत न्हाई, बाबा. घेनार न्हाईत."

मी म्हनलो, "नको घेऊ देत. मंग आपन दोघं पुण्याला जाऊ. साहेब असो की पंडित, त्याला मी समोर उभा राहून इचारीन, इज्जतदार कुनाला म्हनता ते मला लिवून द्या. त्यात मी कुठं बसत न्हाई तेबी लिवा. लिवल्याबिगर मी दारातून हलनार न्हाई."

"अन् ह्या वर्सीबी जागा गेली तर?"

"पुढल्या वर्सी परत. मी मेलो तर तू एकटा जा. पन त्या पायरीखाली जाऊन उभा राहिलास, तर माझ्या मातीला येऊ नको."

कागद आज टपालात टाकला.